मुद्दाम केलेली झीज

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात साठोत्तरी लघुअनियतकालिकांवर एक स्वतंत्र विभाग करावयाचे ठरले. त्याच्या मुखपृष्ठाची जबाबदारी ‘मॅडमना कॉम्प्युटर बरा येतो’ या एकाच निकषावर माझ्याकडे आली. मुखपृष्ठावर चित्र नको, नुसती अक्षरे हवीत, यावर सर्वांचे एकमत होते. विद्यार्थ्यांची अट एवढीच होती, की ती अक्षरे जुनी दिसली पाहिजेत. जुनी म्हणजे कशी, असे विचारल्यावर एका मुलीने बोटे चोळून दाखवली. शाई फुटलेली, कडा खाल्लेली, कुठे दाट तर कुठे फिकी.

ही मागणी ऐकताना मी थोडी अस्वस्थ झाले होते, हे येथे नोंदवून ठेवते. ‘शब्द’पासून ‘असो’, ‘वाचा’पर्यंतच्या त्या सगळ्या धडपडीविषयी वर्गात शिकवताना मी नेहमी सांगत असते, की चक्रमुद्रित अंकांतील अस्पष्टता ही त्या संपादकांची शैली नव्हती, तो त्यांचा खिसा होता. मेणकागदावर टंकयंत्राचा ठोका जोरात बसला की अक्षराचे पोट गळून पडे आणि छापताना तेथे शाईचा ठिपका येई. तो ठिपका कोणाला हवा होता म्हणून आलेला नाही. प्रस्थापित मासिकांच्या देखण्या छपाईकडे पाठ फिरवण्यात भूमिका होती, हे खरे. पण तो विशिष्ट ठिपका भूमिकेतून आलेला नव्हता. आता साठ वर्षांनंतर आम्ही तो ठिपका हेतुपुरस्सर काढणार होतो. तरीही मी ‘हो’ म्हटले, कारण मला तो करून पाहावयाचा होता. माझे वडील जुळारी होते. सांगलीत गावभागातल्या एका छापखान्यात त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे खिळे जुळवले. त्यामुळे फुटलेली शाई कशी दिसते, हे मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे, असा माझा समज होता.

मी जी आज्ञावली वापरते तिचे नाव इंकस्केप. २००३ साली सोडिपोडी नावाच्या दुसऱ्या एका मुक्त आज्ञावलीपासून फुटून ती निघाली. तिच्यातील चित्र ठिपक्यांनी भरलेले नसते, ते रेषांच्या वर्णनातून उभे राहते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत असे वळण घ्या, आत काळा रंग भरा, असे ते वर्णन असते. म्हणून ‘क’ कितीही मोठा केला तरी त्याची कड धारदारच राहते. व्हेक्टर चित्रणाचा हाच गुण, आणि माझ्या कामात हीच अडचण होती. ज्याची कड कधीच बिघडत नाही, त्याची कड बिघडवायची कशी?

त्यासाठी फिल्टर असतात. २००७ साली या आज्ञावलीत नुसते धूसर करण्याची सोय आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तयार फिल्टरांचा एक मोठा मेनूच अवतरला. त्याची नावे वाचणे हीच एक करमणूक आहे. ‘जॅम स्प्रेड’, ‘लेपर्ड फर’, ‘मॅट जेली’. पहिल्या संध्याकाळी मी ‘लघु’ या दोन अक्षरांना बिबट्याचे कातडे घालून पाहिले, मग त्यांना मुरांबा फासला. ‘इंक ब्लॉट’ नावाचाही एक फिल्टर आहे. नावावरून मोठी आशा वाटली. पण त्यातून निघणारा डाग म्हणजे पांढऱ्या कागदावर दौत सांडल्यावर होतो तो डाग. छपाईतला डाग तसा नसतो. तयार अलंकार वापरणाऱ्या कवीची जी गत होते तीच माझी झाली, सगळे काही चमकत होते आणि काहीच लागू पडत नव्हते.

मग फिल्टर एडिटर उघडला. येथे फिल्टर त्याच्या घटकांत सुटा होऊन दिसतो. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे एक क्रिया, आणि एकीचे फलित दुसरीच्या तोंडी देण्यासाठी त्रिकोणांतून ओढावयाच्या रेघा. दिसायला रूक्ष असला, तरी व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला येथे लगेच घरी आल्यासारखे वाटते. पहिला उपयोगी शोध असा लागला: अक्षर आधी थोडे धूसर करावयाचे, आणि मग पारदर्शकतेचा ताण इतका वाढवावयाचा की धूसर कड पुन्हा टणक व्हावी. या दोन क्रिया एकमेकींच्या उलट आहेत, तेव्हा अक्षर जसेच्या तसे परत यावे असे वाटते. ते तसे येत नाही. बाहेरचे टोकदार कोपरे गोल होतात आणि आतले अरुंद कोपरे भरून येतात. ‘भ’ची गाठ, ‘क्ष’ची कुशी, काना शिरोरेखेला भेटतो ती जागा येथे शाई साचल्यासारखी दिसू लागते. ओली शाई कागदावर याच प्रकारे वागते. त्या रात्री एक वाजता मी एकटीच हसले.

दुसरी क्रिया टर्ब्युलन्स. तिला अक्षराशी काही देणेघेणे नसते, ती शून्यातून एक ढगाळ, मळकट पट तयार करते. तो पट ‘डिस्प्लेसमेंट मॅप’ या क्रियेला दिला, की पटावरच्या रंगाच्या कमीअधिकपणाप्रमाणे अक्षराचा प्रत्येक कण आपल्या जागेवरून थोडा सरकतो आणि कड खडबडीत होते. मधला रंग म्हणजे जागेवर राहा, असा संकेत असतो. हे मला उशिरा कळले. टर्ब्युलन्सचे दोन प्रकार मिळतात, त्यांपैकी मी निवडलेल्या प्रकारात पट सरासरीने मधल्या रंगापेक्षा बराच खालचा येतो, त्यामुळे कडा खडबडीत होण्याबरोबर आख्खे शीर्षकच एका कोपऱ्याकडे सरकत राहिले. अर्धा तास मी ते हाताने ओढून जागेवर आणत होते. फिल्टरचे क्षेत्रही मर्यादित असते. सरकण्याचे प्रमाण वाढवले, तर त्या अदृश्य चौकटीला धडकून रफार सुरीने कापल्यासारखा सपाट होतो.

या ढगाळ पटामागे केन पर्लिन यांचे गणित आहे. १९८२च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटाच्या संगणकीय चित्रणात त्यांनी काम केले होते. त्या चित्रांचे यंत्रासारखे कोरेपण त्यांना खटकले. त्यातून त्यांनी असा गोंगाट घडवला, जो निसर्गातल्या अनियमितपणासारखा भासेल. १९८५ साली त्यांनी तो निबंधरूपाने मांडला आणि १९९७ साली त्यासाठी त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. माझे लक्ष मात्र या घटकाच्या एका लहानशा रकान्याने वेधून घेतले. त्याचे नाव ‘सीड’, बीज. तेथे आकडा बदलला की पट बदलतो. ५ घातला की एक झीज, ६ घातला की दुसरी, आणि पुन्हा ५ घातला की पहिली झीज जशीच्या तशी, ‘घु’च्या उकारावरच्या त्याच खाचेसह. येथे अपघात होतो, पण तो क्रमांकाने होतो. मी बीजे तपासत बसले. १७ या बीजात ‘लघु’ सुरेख झिजत होते, पण ‘कालिके’ फारच निरोगी राहत होते. ४२मध्ये उलट. अशी तीन रात्री मी अपघातांची निवड करत होते.

अध्यापनाचा व्यवसाय असा, की हे सगळे करतानाही डोक्यात वर्ग चालूच असतो. फिल्टराचे एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटले. तो मूळ अक्षराला स्पर्श करत नाही. एडिटरमध्ये नावाशेजारी एक चौकोन असतो, त्यातली खूण काढली की सगळी झीज, सगळी शाई नाहीशी होऊन खालचे नितळ अक्षर समोर येते. खूण केली की पुन्हा झीज. एवढेच नव्हे, फिल्टर चढलेला असतानाही शब्द शब्दच राहतो, त्यात कर्सर ठेवून अक्षर बदलता येते. अलंकार काव्यापासून वेगळा काढता येतो काय, हा आपल्या काव्यशास्त्रातला जुना वाद. मम्मटाला अलंकार गळ्यातल्या हारासारखे वाटतात, अंगावर घातलेले, आणि कधी ते स्पष्टपणे नसले तरी काव्य असू शकते, एवढी सूट तो देतो. कुंतकाला हे मान्य नाही. अलंकार आणि अलंकार्य हा भेद विवेचनाच्या सोयीपुरता आहे, प्रत्यक्ष काव्यात ते असे सुटे काढता येत नाहीत, असे त्याचे म्हणणे. एम.ए.च्या वर्गात मी दरवर्षी कुंतकाची बाजू घेते. आणि येथे माझ्यासमोर मम्मटाचा चौकोन होता, खूण घाला, खूण काढा. याचा अर्थ मी करत होते ते अजून काव्य झालेले नव्हते, असा मी लावला आणि आणखी एक घटक जोडला. असो.

चौथ्या दिवशी रविवार होता. अण्णा आमच्याकडेच असतात. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी बरीच सुधारली आहे, पण संगणकाच्या पडद्याचे त्यांना अगत्य नाही. छापखाना नव्वदच्या दशकात बंद झाला. आधी ऑफसेट आले, मग डी.टी.पी. मालकांनी खिळे मोडीत काढले. वर्षानुवर्षे खणाखणांतून वेगळे ठेवलेले ‘अ’ आणि ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ एकाच पोत्यात भरून शिशाच्या भावाने किलोवर गेले. तो दिवस अण्णांनी मला कधी सांगितलेला नाही. आईने सांगितला. पुढे ते एका दुकानात हिशेब लिहीत. आमच्या घरात छपाईविषयी बोलणे असे झालेच नाही. कदाचित म्हणूनच मी तीन रात्री शाई फोडत बसले असेन.

“अण्णा, जरा बघता का? तुमच्या छापखान्यातल्यासारखं केलंय,” मी म्हटले.

ते आले, चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याच्या फार जवळ गेले आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटले, गहिवरले.

“एवढी शाई कुणी दिली?” त्यांनी विचारले.

मी हसले. ते हसले नाहीत. “आणि पॅकिंग जास्त झालंय. काठाला दाट नि पोटात फिकं आलं, की समजायचं दाब जास्त पडला. हा फर्मा मालकांनी परत पाठवला असता.” मग त्यांनी बोट पडद्यावर टेकवले. “हे इथं का खाल्लंय?”

“झिजलंय, अण्णा. जुना खिळा असल्यासारखं.”

“खिळा असा कुठंही झिजत नाही, बाळ.”

पुढची दहा-पंधरा मिनिटे ते जे बोलले, ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. खिळ्याला आधी कुठे इजा होते, तर जो भाग त्याच्या ठोकळ्याबाहेर लोंबतो तेथे. रफार, मात्रा, वेलांटीचे टोक शेजारच्या खिळ्यावर झुकलेले असते, खाली आधार नसतो, ते आधी तुटते. कान्याचा मधला भाग वर्षानुवर्षे शाबूत राहतो. माझ्या पटाने मात्र सगळीकडे सारखाच हात फिरवला होता, वेलांटीवर जेवढा तेवढाच कान्यावर. दुसरे, मोडका खिळा एकदाच दिसत नाही. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत खणांत टाकायचे. त्यात तो मोडका ‘र्म’ नजरचुकीने परत गेला, की आठवड्याने दुसऱ्याच कुणाच्या लग्नपत्रिकेत पुन्हा भेटायचा. “तो ओळखू यायचा,” अण्णा म्हणाले, “की हा तोच. मग चिमट्यानं काढून बाजूला टाकायचा.” माझ्या बीजातून निघालेली झीज जागेला चिकटलेली होती, अक्षराला नव्हती. शब्द बदलला तरी खाच तेथेच राहून नव्या अक्षराला पडत असे. ज्याला इतिहास नाही, अशी ती झीज.

मला यातले तंत्र चटकन पटले आणि त्यामुळेच बहुधा मी नको ते बोलले. “पण मुलांना हेच हवंय, अण्णा. ही शाई फुटलेली, जरा वाकडी, हीच छान वाटते आता. त्यात हाताचं काम दिसतं.”

ते मागे सरकून खुर्चीत नीट बसले. “हाताचं काम दिसू नये म्हणून काम करायचो आम्ही,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “वाचणाऱ्याला खिळा दिसला म्हणजे आमचं चुकलं. मालक प्रुफावर लाल गोल करायचे. तू तेवढेच गोल गोळा केलेस.”

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही नीटसे सुचलेले नाही. वाचकाच्या आवडीचा इतिहास आणि कारागिराच्या कष्टाचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास असतात, वगैरे मी वर्गात बोलू शकते. समोर तो कारागीर बसला असताना ते बोलवले नाही.

विषय बदलावा म्हणून मी कळफलकावर हात ठेवला आणि काहीतरी चुकीचे दाबले गेले. इंकस्केपमध्ये ‘एच’ हे अक्षर दाबले की निवडलेली वस्तू डावी-उजवी उलटते, ‘व्ही’ दाबले की खाली-वर. माझे बोट ‘व्ही’वर पडले. शीर्षक डोके खाली करून उभे राहिले, शिरोरेखा तळाशी, उकार आकाशाकडे. मी ते पूर्ववत करणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, “थांब.”

जुळाऱ्याच्या हातातल्या स्टिकमध्ये ओळ अशीच दिसते, हे मला तोवर लक्षात आले नव्हते. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते आणि जुळारी तो पाय वर करून लावतो, म्हणजे ओळ डावीकडून उजवीकडेच वाचता येते, फक्त डोके खाली. पंचवीस वर्षे अण्णांनी मराठी भाषा अशीच वाचली होती. सुलट अक्षर त्यांनी पडद्यावर नाक लावून पाहिले होते. उलट्या अक्षरापासून ते हातभर लांब बसून, चष्मा न घालता वाचू लागले. ओठ हलत होते.

“काली,” ते म्हणाले. “लघुअनियतकाली-के. दुसरी वेलांटी पडलीय.”

मी शीर्षक सुलट केले, फिल्टरची खूण काढली. नितळ, काळ्या, धारदार अक्षरांत तेथे लिहिले होते: लघुअनियतकालीके. तीन रात्री मी त्या शब्दाच्या कडा पाहत होते. ‘ली’च्या वेलांटीवरची खाच मला पाठ होती, तिचे बीज पाठ होते. वेलांटी दुसरी आहे, हे दिसले नव्हते. ‘इक’ प्रत्ययातील इकार ऱ्हस्व, हे मी प्रथम वर्षाच्या मुलांना व्यावहारिक मराठीच्या तासाला फळ्यावर लिहून देते. सोमवारी सकाळी मुखपृष्ठ छपाईला जायचे होते, आणि संपादक मंडळातील बाकीच्या दोघांनी तोवर त्यावर ‘सुंदर!’ असा अभिप्राय पाठवूनही झाला होता.

कर्सर ठेवून वेलांटी बदलायला एक क्षण लागला. अण्णा ते पाहत होते. “एवढंच?” त्यांनी विचारले. ओळ सोडवावी लागली नाही, चिमटा लागला नाही, शेजारचे खिळे ढळले नाहीत. मी फिल्टरची खूण परत घालणार तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “राहू दे जरा तसंच.” मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बोट शीर्षकाच्या डाव्या टोकाला ठेवले आणि शिरोरेखेवरून सावकाश उजवीकडे नेले. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

“कुठंच तुटली नाही,” ते म्हणाले.

वेगवेगळ्या खिळ्यांतून एक सलग रेघ उभी करणे ही मराठी जुळाऱ्याची जन्माची कटकट. दोन खिळ्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहतेच, आणि ती कागदावर उतरते. माझ्या फिल्टरमालिकेतला शेवटचा घटक, जो मी आदल्या रात्री दोन वाजता मोठ्या समाधानाने जोडला होता, तो शिरोरेखेत तशा फटी पाडण्यासाठीच होता. मी त्याविषयी त्यांना काही सांगितले नाही.

त्या रात्री मी टर्ब्युलन्स आणि त्याखालच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. धूसर करून पुन्हा टणक करण्याची पहिली जोडी मात्र ठेवली, अगदी अल्प प्रमाणात. आतल्या कोपऱ्यांत शाई किंचित साचते तेवढीच. ती का ठेवली, याचे समर्थन मला करता येणार नाही. फिल्टर असलेले चित्र पीडीएफमध्ये नेताना त्या भागाचे ठिपक्यांत रूपांतर होते आणि मूळ नेमणूक इंचाला ९६ ठिपक्यांची असते. ती छपाईसाठी ३०० करून घ्यावी लागते, नाहीतर अक्षरे खरोखरच खराब येतात. ज्यांना असे काही करून पाहावयाचे असेल त्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

मुले नाराज झाली. बोटे चोळून दाखवणारी मुलगी स्पष्टच म्हणाली, की हे लग्नपत्रिकेसारखे दिसते आहे. मी तिला लघुअनियतकालिकांच्या विभागात ‘जुळारी’ या विषयावर टिपण लिहावयास सांगितले. ती दोनदा घरी येऊन अण्णांशी बोलून गेली. दुसऱ्या खेपेला ते तिला खणांची मांडणी कागदावर काढून दाखवत होते, कोणते अक्षर हाताशी आणि कोणते लांब. ‘ङ’ कुठे होता, ते त्यांना आठवत नव्हते, त्याने ते दिवसभर बेचैन होते.

अंक छापून आला तेव्हा पहिली प्रत मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी धरली, मुखपृष्ठ एकदा डोळ्यांखालून घातले, मग सुलटी करून उशाशी ठेवून दिली.